ज्याचं त्याचं अक्षर

दिवाळीला लेक पुण्याहून आली तेव्हा तिनं तीन वर्षांची नात माझ्या मांडीवर बसवली, माझ्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं आणि बजावलं, "बाबा, हिला रोज थोडं वाचून दाखवायचं. मोबाइल द्यायचा नाही." मी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर परिपत्रकं वाचून कमावलेल्या आवाजात सुरुवात केली. मला जाग आली तेव्हा नात बोटानं माझी पापणी उचलून आत कोणी आहे का बघत होती. पुस्तक तिसऱ्या पानावर होतं.

एका पोरीला एक पुस्तक वाचून दाखवताना माझी ही गत. माझ्या थोरल्या वहिनींनी, नीलावहिनींनी, इथं सोलापुरात भवानी पेठेतल्या एका खोलीत जन्मभर हेच केलं, आणि तेही खोली भरून पोरांसमोर. वहिनी जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्या आठवल्या की मला आधी त्यांचा चेहरा आठवत नाही, त्यांचं दमणं आठवतं.

वहिनी कायम दमलेल्या असत. सकाळी भेटल्या तरी. लग्न होऊन अक्कलकोटाहून आमच्या घरी आल्या, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि सरळ भिंतीला टेकून बसल्या. आई म्हणाली, "ही पोरगी माहेराहूनच दमून आलीय." पुढं कधीही विचारलं, "काय वहिनी, बरं आहे ना?" की उत्तर ठरलेलं. "हाय की. बसले तर उठवत न्हाय, उठले तर बसवत न्हाय." आणि वर एक लांब श्वास, "यप्पाऽऽ!" हा कानडी 'यप्पा' त्यांच्या पोटातून निघायचा आणि खोलीभर पसरायचा. तक्रार नव्हती ती. प्रेशर कुकर शिट्टी देतो, तसं होतं ते.

अशा बाईनं बालवाडी चालवायला घेतली, याचं आम्हाला घरात फार हसू यायचं. बालवाडी एका मंडळाची. खोली विणकरांच्या वस्तीत, भिंतीपलीकडं यंत्रमाग. पोरं बहुतेक विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी, आया दारात बसून विड्या वळणाऱ्या. मागच्या बोळातून दखनी बोलणारी पोरं यायची. आणि बाई कानडी. आमच्या घरी कानडी-मराठी दोन्ही चालायचं, पण वहिनींच्या माहेरी नुसतं कानडी. म्हणजे त्या खोलीत घरून मराठी घेऊन येणारं कुणीच नव्हतं. मराठी राहायची ती फक्त पुस्तकात. ते उघडून मोठ्यानं वाचलं तरच ती बाहेर यायची.

त्यांची वाचायची पद्धत दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. पोर आलं की पहिल्या दिवशी त्याला एक अक्षर मिळायचं, त्याच्या नावातलं पहिलं. ते त्याच्या मालकीचं. गणेशचा ग, रजिताचा र, मोहसीनचा म. वहिनी भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसायच्या, पुस्तक पोरांकडं तोंड करून धरायच्या आणि वाचताना प्रत्येक अक्षराखाली बोट सरकवायच्या. ज्याचं अक्षर आलं त्यानं उठून ओरडायचं. तेलुगू पोर ओरडायचं, "नादी!" दखनी पोर ओरडायचं, "मेरा आया!" अर्थ एकच, माझं! मग मालकानं पुढं यायचं, अक्षरावर बोट ठेवायचं, ते मोठ्यानं म्हणायचं आणि जागेवर जायचं. मगच गोष्ट पुढं. एका पानाला खिचडीची वेळ व्हायची.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, ह्या वेगानं गोष्ट संपेपर्यंत पोरं दहावीला बसतील."

"बसू देत की," वहिनी म्हणाल्या. "तुमी भराभर वाचून बी.कॉम. झालात भावजी. कुटं पोचलात?"

मी जुळे सोलापुरात पोचलो होतो, दुसऱ्या मजल्यावर, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

पुस्तकही वर्षभर एकच. एक बकरी बाजारात जाते आणि दिसेल ते खाते, अशी गोष्ट होती. ती वहिनींनी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचली होती की पुस्तक चिकटपट्टीवर तरलं होतं. नवं घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "नवं कशाला? ह्यातलंच अजून सगळ्यांना आलं न्हाय." आणि वाचायच्या अगदी सपाट. बकरीला आनंद झाला काय, काठी बसली काय, आवाज तोच. पान उलटायची वेळ आली की गुडघा चोळायचा, "यप्पाऽऽ" म्हणायचं आणि उलटायचं.

एकदा मंडळाच्या सचिवबाई बालवाडी बघायला आल्या. त्यांनी एका मुलीला पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "वाच बघू." पोरगी भिंतीला टेकली, एक पाय लांब केला, बकरीचं पहिलं पान खाडखाड म्हटलं, मग स्वतःचा गुडघा चोळत सत्तर वर्षांच्या म्हातारीसारखा श्वास सोडला, "यप्पाऽऽ!" आणि पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी पुन्हा तेच. सचिवबाई पुस्तक उलटंसुलटं करून बघायला लागल्या. पोरांना वाटायचं तो गोष्टीचाच भाग आहे. एकीची आई तर वहिनींना रस्त्यात अडवून म्हणाली होती, "टीचर, बकरी यप्पा म्हणते ते कोणत्या पानावर हाय? घरी मी वाचून दाखवलं तर पोरगी म्हणती, तू गाळलीस."

वहिनी त्या दिवशी हसल्या होत्या. नाहीतर हसणं त्यांना परवडायचं नाही, कारण आवाज घरीही लागायचा. माझे थोरले भाऊ, अण्णा, चादरींच्या कारखान्यात मागावर होते. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान पन्नाशीतच गेले. आम्ही कानाचं यंत्र आणून दिलं, तर म्हणाले, "ह्यात पुन्हा मागच ऐकू येतोय," आणि ते कपाटात गेलं. त्यामुळं वहिनींना सगळं ओरडून सांगावं लागायचं. त्यांच्या घरी आज काय भाजी आहे, अण्णांचं पोट साफ झालं का नाही, हे सगळ्या बोळाला ठाऊक असे. अण्णा शांतपणे मान हलवत.

सकाळी वाचन, संध्याकाळी ओरडणं. कधीतरी व्हायचं ते झालं. वहिनींचा आवाज आधी बसला, मग चिरकला, आणि एका पावसाळ्यात पोरांना बकरीच्या जागी नुसती हवा ऐकू यायला लागली. मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी आत नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "एक महिना एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. नाही ऐकलंत तर आवाज कायमचा जाईल."

"मग बालवाडी?" वहिनी म्हणाल्या.

"बघा, हे बोललात तेवढंही नको होतं."

जिन्यात वहिनी बसल्या. मला वाटलं, दमल्या. पण त्या मला हातानं काहीतरी सांगत होत्या, ते मला उमगायला खालच्या पायरीपर्यंत जावं लागलं. कोपऱ्यावर इंग्रजी नर्सरी निघाली होती, रंगीत खुर्च्या आणि भिंतीवर टीव्ही असलेली. बालवाडी महिनाभर बंद राहिली तर आया पोरं तिकडं घालणार होत्या. खोली एकदा रिकामी झाली की मंडळ ती पुन्हा उघडणार नाही, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. आवाज वाचवला तर खोली जाणार, खोली वाचवली तर आवाज.

घरात बैठक बसली. माझी रजा शिल्लक होती आणि माझं वाचन चांगलं आहे अशी आमच्याकडं एक जुनी अफवा होती. तेव्हा महिनाभर मी वाचायचं ठरलं. मी जोरदार तयारीनं गेलो. बकरीसाठी वेगळा आवाज, भाजीवालीसाठी वेगळा. पहिल्याच "बेंऽऽ"ला पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. बाकीची पंचायतीला बसल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली. शेवटी गणेश उठला.

"टीचर असं न्हाय वाचत."

"मग कसं?"

त्यानं गुडघा चोळला, डोळे मिटले आणि श्वास सोडला, "यप्पाऽऽ. मंग बकरी जाती."

मी प्रयत्न केला. गणेशनं लक्ष देऊन ऐकलं आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "ह्याला येत न्हाय."

मी घरी येऊन झाला प्रकार सांगितला. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच निघाल्या. बोलणार नाही, अशी गळ्याला चिमटीत धरून शपथ घेतली. तरी घरच्यांनी मला पहारेकरी म्हणून पाठवलंच. कोमट पाण्याचा थर्मास घेऊन मी खोलीत मागं बसायचं, आणि वहिनींचं तोंड उघडलं की हात वर करायचा. एवढ्या जबाबदारीचं काम मला ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

वहिनींनी नेहमीसारखं पुस्तक धरलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. तोंड बंद. आणि पोरांनी एका सुरात सुरुवात केली. "एक होती बकरी!" बोट सरकत होतं, पोरं वाचत होती, पान संपलं की सगळी मिळून गुडघे चोळत होती. मला तर गहिवरून आलं. मी मनात म्हटलं, जिंकल्या वहिनी, पोरं वाचायला लागली.

वहिनींनी मात्र मान थोडी तिरकी केली. बोट उचललं आणि खालच्या ओळीवर ठेवलं. पोरं वरचीच ओळ म्हणत राहिली. त्यांनी दोन पानं एकदम उलटली. पोरं मधलं पान म्हणत राहिली. त्यांनी पुस्तक उलटं धरलं. मग मिटून मांडीवर ठेवलं. पुस्तक मिटलं तरी बकरी बाजारात चालतच होती, एकेक खात, दुकान न चुकता.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना दमलेलं मी जन्मभर बघितलं होतं, पण हे दमणं नवं होतं. पोरांना अक्षरं येत नव्हती. पोरांना वहिनी पाठ झाल्या होत्या.

आठवडाभर त्या रोज येऊन नुसत्या बसल्या. बकरी काढलीच नाही. पोरं खेळायची, खिचडी खायची, घरी जायची. त्या दिवसांत एक मुलगी माझ्या ध्यानात आली. ऐश्वर्या. कोपऱ्यात बसायची. तिचं अक्षर ऐ, आणि ते बकरीच्या पुस्तकात कुठंच नव्हतं. वहिनींनी वर्षाच्या सुरुवातीला तिला दुसरं अक्षर घे म्हणून सांगून पाहिलं होतं. तिनं तेलुगूत ठणकावलं होतं, "नाकु नादे कावाली." मला माझंच पाहिजे. तेव्हापासून रोज पान संपलं की ती विचारायची, "वच्चिंदा?" आलं का? आणि वहिनी तिच्यापुरतं शिकलेलं तेलुगू वापरून म्हणायच्या, "राले." न्हाय आलं. बाकी पोरं उठत-बसत होती, ही वर्षभर बसूनच होती.

सोमवारी वहिनींनी कपाटातून एक कोरं पुस्तक काढलं. मंडळानं कधीतरी पाठवलेलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पोरांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकवायला बाईंना आवाज नव्हता. त्यांनी पहिलं पान उघडलं, चित्रावर पंजा ठेवून ते झाकलं आणि पहिल्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली बोट धरलं.

पोरं वाट बघत राहिली. वहिनीही. मी बसल्या जागेवरून शब्द वाचला आणि ओठ आवळून बसलो.

"नादी!" गणेश एकदम उठला. "माजा हाय ह्यो!" पुढं येऊन त्यानं बोट ठेवलं. "ग!"

वहिनींनी बोट पुढं सरकवलं. कुणी उठेना. ते अक्षर रजिताचं होतं, आणि रजिता आईबरोबर मामाच्या लग्नाला तेलंगणात गेलेली. पुढचं अक्षर मोहसीनला दिसलं होतं, तो गुडघ्यांवर नाचायला लागला. "टीचर, मेरा उधर है! आगे चलो ना!"

वहिनींनी बोट हलवलं नाही.

"टीचर, वो नक्को! मेरा लेव!"

बोट तिथंच. पोरं पुस्तकाकडं बघायची सोडून वहिनींच्या तोंडाकडं बघायला लागली. इतकी वर्षं अडलं की तिथूनच आलं होतं. भिंतीपलीकडं माग चालू होता. वहिनींचे ओठ उघडले. गळ्याची शीर हललेली मला दिसली. मी हात वर करायला हवा होता, पण माझ्या हातात थर्मास होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, एक अक्षर तर आहे, म्हणून टाकू दे.

"र," कोपऱ्यातून आवाज आला.

ऐश्वर्या उठलीही नव्हती. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तिनं खुलासा केला, "रजितदी." रजिताचं आहे.

वहिनींनी तोंड मिटलं. हातानं तिला बोलावलं. ती आली आणि दुसऱ्याच्या डब्याला हात लावावा तसं जपून तिनं अक्षरावर बोट ठेवलं. ते उचलायच्या आत मोहसीननं आपलं अक्षर म्हणून घेतलं. मग वहिनींनी बोट मागं नेलं आणि तिन्हीखालून एकदा सावकाश फिरवलं. ग, र, म. पुन्हा फिरवलं, जरा जलद. तिसऱ्यांदा गणेश किंचाळला, "गरम!"

"चाय!" मोहसीन म्हणाला.

वहिनींनी पंजा काढला. चित्र भाकरीचं होतं. कुणाची काही हरकत नव्हती.

त्या सकाळी त्यांनी अख्खी ओळ तशीच फिरवली. जिथं मालक हजर नसेल किंवा गप्प असेल, तिथं ऐश्वर्या अक्षर सांगायची आणि मालकाचं नावही. स्वतःच्या अक्षराची वाट बघताना तिला दुसऱ्यांची ऐकत बसण्यावाचून काही उद्योग नव्हता. ऐ काही त्या पुस्तकातही निघाला नाही. ओळीच्या शेवटी तिनं विचारलं, "वच्चिंदा?" आणि वहिनींनी नुसती मान हलवली.

महिना संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. "आवाज आहे," ते म्हणाले, "पण थोडाच आहे. घरी ओरडायचं आणि शाळेत वाचायचं, हे दोन्ही आता होणार नाही. एक काहीतरी सोडा."

पुन्हा बैठक. आम्ही सगळ्यांनी मनात बालवाडी सोडून दिलीच होती. आता विश्रांती घ्या, खूप केलंत, वगैरे बोलून झालं. वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग महिन्याभरानं आलेल्या, कागद फाटल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "घरी बोलणार न्हाय."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णा मान हलवत होते, म्हणजे त्यांना काहीच कळलं नव्हतं. मग मीच त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, वहिनी आता घरात बोलणार नाहीत, आवाज पोरांसाठी ठेवणार आहेत. अण्णांनी थोडा विचार केला.

"मला तसंबी ऐकू येत नव्हतंच की," ते म्हणाले. "ती ओरडायची म्हणून मी मान हलवायचो."

वहिनींनी कपाळाला हात लावला. संसारभर ओरडलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं असावं.

तेव्हापासून त्या घरात बोलायचं काम अण्णांकडं आलं. वहिनी दिवसाचा आवाज बालवाडीत संपवून यायच्या आणि खुर्चीत बसायच्या. अण्णा चहा करून द्यायचे आणि सुरू व्हायचे. कारखान्यात कोण कसा धागा तोडायचा, कोणत्या चादरीवर मोर उलटा विणला गेला, मालक कसा चिडला. इतकी वर्षं हे कुठं ठेवलं होतं कुणास ठाऊक.

वहिनींना मी शेवटचं नीट पाहिलं ते नातीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा. पुढं दवाखान्यात भेटल्या, पण ते बघणं मी धरत नाही. संध्याकाळ होती, दार उघडं होतं. अण्णा उलट्या मोराची गोष्ट रंगात येऊन सांगत होते. समोर खुर्चीत वहिनी झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, एक चप्पल पायात, एक जमिनीवर. मी दारात थांबलो आणि खुणेनं अण्णांना दाखवलं. त्यांनी वळून बघितलं. उठून वहिनींच्या हातातला चहाचा कप हळूच काढून घेतला. मग माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो.

"हळू बोल, शिवा," अण्णा म्हणाले, त्यांच्या मते अगदी दबक्या आवाजात. "दमलीय ती."

समोरच्या दारात विड्या वळणाऱ्या बायकांनी माना वर करून बघितलं. साऱ्या बोळाला ऐकू गेलं. वहिनींना तेवढं गेलं नाही.